कांडी की फाळका? गळाचं रील घेण्याआधी

भाच्याने ऑनलाइन मागवलेलं रील पहिल्यांदा पाण्यावर नेलं तेव्हा मी सोबत होतो. हिडकल धरणाच्या फुगवट्याला सकाळी सहाला पोचलो. सव्वासहाला त्याने पहिला गळ फेकला. साडेसात वाजेपर्यंत आम्ही दोघं काठावर मांडी घालून त्या रीलमधला गुंता सोडवत होतो. शेजारी एक बाबा बांबूच्या काठीने, कणकेच्या गोळीवर चिलापी काढत बसले होते. चौथी चिलापी पिशवीत टाकून त्यांनी आमच्याकडे बघितलं. "काय करूलालाय ओ? मासं धरूलालाय की स्वेटर विणूलालाय?"

रील तसं चांगलं होतं. चपटं, काळं, लाल हँडलचं. याला बेटकास्टिंग रील म्हणतात. चूक रीलची नव्हती, जोडीची होती. भाचा फेकत होता काय, तर एक छोटा गळ, त्यावर कणकेची गोळी आणि वाटाण्याएवढं शिसं. सगळं मिळून चार-पाच ग्रॅम. एवढ्याशा वजनाने ते रील धड फिरत नाही, आणि जोर लावून फिरवलंच तर वेळेवर थांबत नाही.

"मामा, मग स्पिनिंग घ्यायला पाहिजे होतं काय?" परतीच्या वाटेवर त्याने विचारलं. हो म्हणून मोकळा झालो असतो, पण का ते सांगितल्याशिवाय त्याला पटलं नसतं. व्हिडिओ बघून तो एवढंच शिकला होता की स्पिनिंग नवशिक्यांचं आणि बेटकास्टिंग मुरलेल्यांचं. मला हे मुळीच मान्य नाही. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेले लोक स्पिनिंग वापरतात. दोन्ही रीलमधला फरक एका प्रश्नात मावतो: गळ हवेत उडत असताना दोरी गुंडाळलेलं स्पूल फिरतं, की जागेवर थांबलेलं असतं? गुंता, पीळ, वजन, ताकद, किंमत, सगळं तिथूनच निघतं.

आमचं घर वडगावात. वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा भाग. लहानपणी मी आजीजवळ बसून कांड्या भरणं बघायचो आणि मध्येच हात घालून फटके खायचो. सुताची लड फाळक्यावर चढवलेली असे. फाळका म्हणजे काड्यांचा हलका पिंजरा, मधल्या कण्यावर गरगरणारा. आजी रहाट फिरवायची, फाळक्यावरचं सूत ओढलं जायचं आणि कांडीवर गुंडाळलं जायचं. अडचण यायची ती थांबताना. रहाट थांबला, कांडी थांबली, पण फाळक्याला कोण सांगणार? तो आपल्या नादात आणखी दोन-चार फेरे घ्यायचा. तेवढं सूत सैल पडायचं आणि पुढच्या ओढीला एकमेकांत अडकायचं. म्हणून रहाट मंदावला की आजी हात लांबवून फाळक्याच्या कडेला तळहात टेकवायची, पोराच्या कपाळाला ताप बघायला लावावा तितक्या हलक्या हाताने.

आता तीच भरलेली कांडी धोट्यात बसवली की काय होतं बघा. धोटा मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, मागे सूत सोडत. पण आत कांडी फिरत नाही. ती घट्ट बसलेली असते आणि सूत तिच्या टोकावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत बाहेर येतं. धोटा कितीही झटक्यात थांबू दे, कांडीला थांबवायचा प्रश्नच येत नाही, कारण ती फिरतच नव्हती.

बेटकास्टिंग रील म्हणजे फाळका, आणि स्पिनिंग रील म्हणजे धोट्यातली कांडी.

ही उपमा मी वडगावचा म्हणून ओढूनताणून आणलेली नाही. इंग्लंडातलं ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या कापडाचं गाव. तिथल्या गिरणीवाल्या घराण्यातल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थांनी १९०५ साली थांबलेल्या स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं, आणि ही कल्पना त्यांना गिरणीतल्या बॉबिनवरून सुटणारं सूत बघून सुचली असं सांगतात. फिरत्या स्पूलच्या रीलचं घराणं वेगळं आणि बरंच जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दातेरी चाकं घालून असं रील बनवलं, की हँडल एकदा फिरवलं तर स्पूल अनेकदा फिरेल. पुढे बेटकास्टिंगमध्ये नाव काढलेली स्वीडनची आबू कंपनी, तीसुद्धा मुळात घड्याळाचा कारखाना. म्हणजे एक रील विणकराच्या घरचं आणि दुसरं घड्याळजीच्या. मी वडगावात वाढलो आणि उद्यमबागेत लेथवर पोट भरतो, त्यामुळे मला दोन्हीकडचं पाहुणेपण आहे.

रील हातात नसेल तरी हा फरक घरी बघता येतो. शिलाई मशीनवरचं दोऱ्याचं रीळ घ्या, त्यातून पेन्सिल ओवा, पेन्सिल आडवी धरा आणि दोरा झटक्याने हातभर ओढून एकदम थांबा. रीळ पुढे फिरत राहील आणि दोरा त्याच्याभोवती ढिला होऊन लोंबेल. आता तेच रीळ टेबलावर उभं ठेवा आणि दोरा वरच्या अंगाने ओढा. हवा तेवढा ओढा, हवं तिथं थांबा. काही बिघडत नाही. मात्र ओढलेला दोरा सैल सोडून बघा. तो स्वतःभोवतीच वळायला लागेल, कारण दर वेटोळ्यामागे त्यात एक पीळ पडलाय. एकाला गुंत्याचं दुखणं, दुसऱ्याला पिळाचं.

थांबलेलं स्पूल

स्पिनिंग रील रॉडच्या पोटाखाली लोंबतं. स्पूलचं तोंड पुढे असतं आणि त्याच्याभोवती तारेची एक कमान असते, तिला बेल म्हणतात. फेकायचं कसं, तर दोरी तर्जनीच्या पेरावर अडकवायची, कमान उघडायची, रॉड मागून पुढे आणायचा आणि योग्य वेळी बोट सरळ करायचं. बस्स. शिसं किंवा लूर दोरी ओढत जातं आणि स्पूलच्या काठावरून वेटोळी सुटत राहतात. लूर म्हणजे माशाच्या किंवा बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष. त्याला दोरीखेरीज दुसरं काही हलवायचं नसतं, म्हणून दोन-तीन ग्रॅमचं लूरसुद्धा बऱ्यापैकी लांब जातं. समोरून वारा आला तर ते जवळ पडेल, एवढंच.

सुटलेली वेटोळी रुंद असतात. म्हणून स्पिनिंगच्या रॉडवर रीलजवळची पहिली कडी मोठी असते आणि पुढच्या कड्या लहान होत जातात. वेटोळी त्या नरसाळ्यातून गेल्यासारखी आवळत सरळ होतात. बेटकास्टिंगच्या रॉडला हे लागत नाही. त्याच्या कड्या लहान असतात, वरच्या अंगाला असतात, आणि मुठीखाली बंदुकीच्या चापासारखा एक आकडा असतो. एकाचा रॉड दुसऱ्याला लावू नका. बसतो, पण काम देत नाही. आमच्या ओळखीत एकाने असा संसार दोन वर्षं केला आणि दोष सतत माशांना दिला.

स्पूलवर दोरी किती भरायची यावर फारसं कुणी बोलत नाही, पण निम्मी फेक तिथंच ठरते. काठापासून दीड-दोन मिलिमीटर मोकळे ठेवायचे. यापेक्षा कमी भरली तर दोरीला प्रत्येक वेळी उंच काठ चढून बाहेर यावं लागतं, घासते, आणि फेक आखूड पडते. काठोकाठ भरली तर एकदम पाच-सहा वेटोळी घसरून बाहेर येतात आणि पहिल्या कडीला बोंडा होऊन अडकतात. म्हणजे स्पिनिंगमध्ये गुंता होतच नाही असं नाही. होतो, पण तो बहुतेक आपल्याच आळसाने होतो. गळ पाण्यात पडल्यावर हँडल फिरवलं की कमान आपोआप मिटते, म्हणून सगळे तसंच करतात. तसं करताना एखादं सैल वेटोळं स्पूलवर राहतं आणि पुढच्या फेकीत गाठ होऊन निघतं. कमान हाताने मिटा, दोरी एकदा बोटाने ताणा, मग गुंडाळा. विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, वापरत असाल तर ही सवय लागलीच पाहिजे. ब्रेड तंगुसापेक्षा, म्हणजे साध्या नायलॉनच्या दोरीपेक्षा, मऊ असल्याने तिची गाठ पडली की कात्रीच लागते.

आता पिळाकडे येऊ. दोरी सुटताना पडलेला पीळ परत गुंडाळताना उलटा होऊन निघून जातो, हिशेब जुळतो. हिशेब बिघडतो तो मोठा मासा लागल्यावर. मासा दोरी ओढून नेत असतो, ड्रॅग (ठरावीक ओढीपलीकडे दोरी सोडणारी रीलमधली पकड) कर्रर्र वाजत असतो, आणि घाबरून आपण हँडल फिरवत राहतो. दोरी आत येत नाही, पण रोटर, म्हणजे कमान घेऊन स्पूलभोवती फिरणारा भाग, फिरतोच आणि दर फेऱ्याला दोरीत एक पीळ घालतो. रीलचा गिअर ५.२ असेल, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला रोटर ५.२ फेरे घेत असेल, तर हँडलच्या वीस फेऱ्यांत शंभरावर पीळ. अशी दोरी दुसऱ्या दिवशी जिलबीसारखी वळते आणि लोक म्हणतात तंगूसच खराब निघाला. ड्रॅग वाजत असताना हँडलवरचा हात थांबवा. मासा थांबला की रॉड उचला आणि रॉड खाली नेताना गुंडाळा.

फिरतं स्पूल

बेटकास्टिंग रॉडच्या पाठीवर बसतं. अंगठ्याने एक कळ दाबली की स्पूल गिअरपासून सुटून मोकळं होतं. अंगठा स्पूलवरच ठेवायचा, फेकताना उचलायचा, आणि गळ पाण्याला टेकायच्या क्षणी परत टेकवायचा. ऐकायला सोपं वाटतं. आता आकडे बघा.

साध्या बेटकास्टिंग रीलचं भरलेलं स्पूल साधारण ३४ मिलिमीटर व्यासाचं धरू. म्हणजे एका फेऱ्यात १०.७ सेंटिमीटर दोरी सुटते. जोरात फेकलेलं लूर निघताना सेकंदाला २० मीटर वेगाने गेलं, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, तर स्पूलला मिनिटाला ११,००० च्या वर फेरे घ्यावे लागतात. वर्कशॉपमधल्यांना सांगतो, तुमच्या चार इंची हँड ग्राइंडरचा वेग साधारण एवढाच असतो. आणि इथं तो वेग अर्ध्या सेकंदाच्या आत शून्यावरून गाठायचा असतो, तोही दोरीच्या टोकाला बांधलेल्या चिमूटभर वजनाच्या ओढीवर. म्हणून साध्या बेटकास्टिंगला आठ-दहा ग्रॅमखालचं वजन फेकणं जड जातं. अगदी हलक्या स्पूलची खास रील निघाली आहेत, पण ती महाग असतात आणि पहिलं रील म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही.

पुढचा त्रास फाळक्याचाच. लूर हवेत गेल्यावर हवेच्या विरोधाने त्याचा वेग क्षणाक्षणाला कमी होत जातो. स्पूलला मात्र वेग कमी करायचं काही कारण नसतं. लूर मागतंय त्यापेक्षा जास्त दोरी स्पूल सोडायला लागतं, ती सैल होते, फुगते, उरलेल्या फेऱ्यांखाली अडकते, आणि खट्. याला बॅकलॅश म्हणतात. (लेथवर बॅकलॅश म्हणजे स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा. मी पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा रीलचा स्क्रू आवळायला घेतला होता.) हा प्रकार दोन जागी होतो: अगदी सुरुवातीला, झटका देऊन फेकलं तर, आणि शेवटी, लूर पाण्यावर आपटून थांबलं आणि अंगठा उशिरा पडला तर. समोरून वारा असेल तर मधल्या वाटेवरही.

कारागिरांनी यावर दोन प्रकारचे ब्रेक काढले आणि दोन्ही आपल्या ओळखीचे आहेत. पहिला, बाहेर फेकल्या जाणाऱ्या तुकड्यांचा. स्पूलच्या बाजूला प्लास्टिकचे छोटे ठोकळे असतात. स्पूल जोरात फिरलं की ते बाहेर सरकतात आणि कड्याला घासतात. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच असाच चालतो, इंजिन फिरलं की आतले बूट बाहेर उघडून ड्रमला लागतात. वेग दुप्पट झाला की ही दाबण्याची ताकद चौपट होते, म्हणून हा ब्रेक सुरुवातीच्या सुसाट वेगाला चांगला आवर घालतो आणि वेग उतरला की जवळजवळ सुटतो.

दुसरा ब्रेक चुंबकाचा. इथं लोक हमखास बुचकळ्यात पडतात, कारण स्पूल ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. मग ब्रेक लागतो कसा? घरातला जुना वीजमीटर आठवा, काचेआड हळूहळू फिरणाऱ्या तबकडीचा. ती तबकडी ॲल्युमिनियमचीच असायची आणि तिच्या कडेला एक चुंबक असायचा. धातू चुंबकाजवळून सरकला की त्याच्यात विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते त्या सरकण्यालाच विरोध करतात. त्या चुंबकामुळेच मीटरची तबकडी बेफाम पळत नसे. स्पूललाही तोच चुंबक आवरतो, न शिवता. बाहेर एक चकती असते, १ ते १० आकड्यांची. ती फिरवली की चुंबक जवळ येतात किंवा लांब जातात.

नवीन माणसाने चकती आठ-नऊवर ठेवून सुरुवात करावी. त्याआधी हँडलच्या बाजूचा छोटा नॉब लावून घ्यायचा: लूर रॉडच्या टोकाला लटकवा, कळ दाबा, आणि ते सावकाश खाली उतरून जमिनीला टेकल्यावर स्पूल तिथंच थांबलं पाहिजे. लूर बदललं की हे परत करायचं. पंधरा ग्रॅमच्या बेडकाला लावलेला नॉब दहा ग्रॅमच्या लूरला चालत नाही. आणि हे सगळं करूनही अंगठा लागतोच. ब्रेकला वाऱ्याची झुळूक कळत नाही, अंगठ्याला कळते. आजीच्या तळहाताचं जे काम होतं तेच.

एवढं सगळं सोसून लोक हे रील का घेतात? दोन कारणं मला पटतात. एक म्हणजे नेम. लूर उडत असताना अंगठ्याने ते हळूहळू धीमं करता येतं. जलपर्णीच्या दोन गठ्ठ्यांमधल्या हातभर मोकळ्या पाण्यात ते आवाज न करता उतरवता येतं. दुसरं म्हणजे ताकद. स्पिनिंगमध्ये हँडलचं फिरणं नव्वद अंशात वळवून रोटरला द्यावं लागतं आणि दोरीही छोट्या रोलरवरून काटकोनात वळते. बेटकास्टिंगमध्ये हँडलचा आणि स्पूलचा आस समांतर असतो, दोन साधी हेलिकल गिअर एकमेकांना लागतात, आणि दोरी सरळ आत येते. फिरवलेली ताकद वाटेत कमी खाल्ली जाते. शिवाय त्यात दोरीला पीळ पडत नाही आणि जाड दोरी बिनतक्रार मावते.

एक फसवणूक मात्र ओळखून असा. बेटकास्टिंगच्या खोक्यावर ७:१ असतं आणि स्पिनिंगच्या ५.२:१, म्हणून पहिलं वेगवान असा समज होतो. स्पूलचा घेर कोण बघणार? ३४ मिलिमीटरच्या स्पूलवर सात फेरे म्हणजे ७५ सेंटिमीटर दोरी. ४७ मिलिमीटर व्यासाच्या स्पिनिंग स्पूलवर ५.२ फेरे म्हणजे ७७. हँडलच्या एका फेऱ्याला दोघं जवळजवळ सारखीच दोरी ओढतात.

आपल्या पाण्यावर

आपल्या पट्ट्यात गळ टाकणाऱ्यांचं काम काय असतं? बहुतेकांचं पीठ आणि गांडूळ. शेततळं, इकडच्या सरकारी भाषेत कृषी होंड, तिथं चिलापी. हिडकल किंवा नवीलतीर्थच्या फुगवट्याला रोहू, कटला, सायप्रिनस. पावसाळा ओसरल्यावर घटप्रभेला, मलप्रभेला जे लागेल ते. या सगळ्याला स्पिनिंग. चिलापीला २००० ते २५०० नंबरचं छोटं रील आणि बारीक तंगूस, कटल्यासाठी ४००० किंवा त्याहून मोठं. नंबर मोठा तसं स्पूल मोठं, दोरी जास्त. एकच घ्यायचं तर ३००० च्या आसपासचं घ्या, ते दोन्हीकडे ओढाताण करून चालतं. कटला पीठ चाखत-चाखत घेतो आणि लागला की पन्नास-साठ मीटर दोरी सहज नेतो, तेव्हा तंगूस भरपूर आणि ड्रॅग गुळगुळीत हवा.

बेटकास्टिंगचं खरं पाणी म्हणजे मरळीचं. पाणवनस्पतींनी भरलेलं जुनं तळं, वर शेवाळाचा थर. रबरी बेडूक त्या थरावरून टुणटुण ओढत आणायचा. मरळ खालून थर फोडून येते, बेडूक घेते आणि तिथंच मुळांत बुडी मारते. त्या क्षणाला तिला ढील दिली की गेली. जाड ब्रेड, ताठ रॉड, आवळलेला ड्रॅग आणि बेटकास्टिंगची सरळ ओढ, या चौघांचं हे काम आहे. बेडकाचं वजन दहा-पंधरा ग्रॅम असल्याने स्पूल फिरवायचीही अडचण नाही. फक्त पाण्यावर तांबूस पिलांचा थवा उकळल्यासारखा दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि त्या रागातच ते बेडकावर येतात. ते काढले तर पिलं एका दिवसात दुसऱ्यांच्या पोटात जातात.

रविवारी चोर्ला घाट उतरून गोव्याच्या खाडीत चोणक मारायला जाणारेही आपल्याकडे कमी नाहीत. तिथं दोन्ही रील चालतात, पण खारं पाणी दोघांनाही खातं. घरी आल्यावर ड्रॅग आवळून, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रील धुवा आणि सावलीत वाळवा. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं.

जाता जाता. तलाव आणि धरणांत मासेमारीचे ठेके असतात, आधी विचारा. खानापूरच्या भीमगड अभयारण्यात रॉड नेऊच नका. आणि चिकोडी-अथणीकडे कृष्णाकाठी मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून लांब फेकायची हौस तिथं करू नये. विचारायचं कसं, ही अडचण नाही. कन्नडमध्ये गाळ, मराठीत गळ. एका कान्याचा फरक, आणि त्यावरून अजून तरी सीमाभागात मोर्चा निघालेला नाही.

दुकानात रील घेताना बेअरिंग किती हे पहिल्यांदा विचारलं जातं. मी ते शेवटी विचारतो. हँडल धरून हलवून बघतो, खडखड वाजतं का. ड्रॅग ढिला करून दोरी हाताने ओढतो: ती एकसारखी यावी, धक्के देत येऊ नये. धक्क्यांनीच दोरी तुटते. डावरं-उजवं बघणं बेटकास्टिंगमध्ये फार महत्त्वाचं, कारण त्याचं हँडल ज्या बाजूला आहे त्याच बाजूला राहतं. स्पिनिंगचं हँडल स्क्रू काढून दुसरीकडे लावता येतं. पैशाचं म्हणाल तर दोन-अडीच हजारांत वर्षानुवर्षं चालणारं स्पिनिंग मिळतं. तेवढ्याच पैशात बेटकास्टिंग घेतलं तर ब्रेक बहुधा नावालाच असतो, आणि ज्याला शिकायचंय त्यालाच चांगल्या ब्रेकची जास्त गरज असते.

ड्रॅग लावायला वजनकाटा नसला तरी चालतो. दहा पौंडांच्या दोरीची ताकद साधारण साडेचार किलो. तिच्या तिसऱ्या हिश्शाला ड्रॅग सुटला पाहिजे, म्हणजे दीड किलोला. दीड लिटरची पाण्याची बाटली भरून दोरीला बांधा, रीलपासून दोरी सरळ खाली सोडा आणि बाटली उचला. ती जेमतेम अधांतरी राहून थोडं हलवलं की खाली सरकायला लागली, की झालं.

भाच्याने शेवटी ३००० चं स्पिनिंग घेतलं. बेटकास्टिंग विकून टाकतो म्हणाला, मी नको म्हटलं. आता संध्याकाळी गच्चीवर बारा ग्रॅमचं शिसं बांधून तो ते फेकतो, खाली बादली ठेवून. परवा परत गुंता झाला. या वेळी त्याला कात्री घेऊ दिली नाही. गुंत्यावर अंगठा घट्ट दाबायचा, ड्रॅग आवळायचा, अंगठा न उचलता हँडलचे दोन-तीन फेरे घ्यायचे, मग कळ दाबून दोरी हळू ओढायची. बहुतेक वेटोळी दाबली जाऊन सपाट होतात आणि एकामागून एक सुटतात. तिसऱ्या खेपेला ती सुटली. आजी खाली कट्ट्यावर बसली होती. तिने वर बघून विचारलं, "फाळका थांबला काय रे?"